फसलेला काय शिकतो

१० जानेवारी २०१५ची संध्याकाळ. फॉक्सबरोला न्यू इंग्लंड पॅट्रियट्स आणि बॉल्टिमोर रेव्हन्स यांचा अमेरिकन फुटबॉलमधला बाद फेरीचा सामना रंगला होता. तिसऱ्या क्वार्टरमध्ये पॅट्रियट्स १४-२८ असे मागे पडले आणि तिथून पुढे त्यांनी रेव्हन्सना दोन वेगवेगळ्या प्रकारांनी फसवलं.

पहिला प्रकार नियमपुस्तकातला. एनएफएल या व्यावसायिक लीगमध्ये ५० ते ७९ किंवा ९० ते ९९ क्रमांकाची जर्सी घातलेल्यांना एरवी पास झेलता येत नाही, बाकीच्यांना येतो. बाकीच्यांपैकी कुणाला एखाद्या चालीपुरता तो हक्क सोडायचा असेल तर त्याने पंचाला सांगायचं आणि पंचाने ते जाहीर करायचं. पॅट्रियट्सनी ३४ क्रमांकाच्या शेन व्हरीनला हक्क सोडायला लावला आणि तरीही पास झेलणाऱ्याच्या थाटात बाहेर उभं केलं. आतल्या रांगेत, जिथे एरवी पास न झेलणारा धिप्पाड गडी असतो, तिथे मात्र झेलू शकणारा टाइट एंड ठेवला. पंचाने घोषणा केली, पण ती ऐकून, समजून, माणसं बदलायला रेव्हन्सना जेमतेम काही सेकंद मिळाले. त्यांचे प्रशिक्षक जॉन हार्बॉ इतके चिडले की मैदानात शिरून त्यांनी दंड ओढवून घेतला.

दुसरा प्रकार त्यानंतर थोड्याच वेळाने झाला. पॅट्रियट्सच्या टॉम ब्रेडीने चेंडू आडवा, मागे सोबती ज्युलियन एडलमनकडे फेकला. एडलमन एरवी झेलणारा आणि पळणारा. तो आता पळणार म्हणून बचावपटू त्याच्यावर धावून गेले. पण हा गडी कॉलेजात क्वार्टरबॅक होता, म्हणजे फेकणं हेच त्याचं काम होतं. त्याने चेंडू थेट पुढे डॅनी ॲमेंडोलाकडे फेकला. ५१ यार्ड, टचडाउन म्हणजे चेंडू गोलरेषेपार, २८-२८ अशी बरोबरी. पुढे पॅट्रियट्सनी सामना ३५-३१ असा जिंकला.

दोन्ही चाली त्या दिवशीच्या नियमांत बसत होत्या. तरी दुसऱ्या चालीबद्दल कुणी ब्र काढला नाही आणि पहिलीसाठी लीगने त्याच मार्चमध्ये नियम बदलला. हक्क सोडलेल्या खेळाडूने यापुढे आतल्या रांगेतच उभं राहायचं, असं ठरलं. लीगने बरोबर केलं असं माझं मत आहे, आणि ते का बरोबर होतं हे नीट मांडणं आज गरजेचं आहे. कारण या खेळातल्या फसवणुकीबद्दल बोलताना लोक दोन टोकांना जाऊन बसतात. एका टोकाला ‘फसवणं ते फसवणं, मुलांना कशाला शिकवता’ म्हणणारे. दुसऱ्या टोकाला ‘पंचाने शिट्टी मारली नाही ना, मग सगळं चालतं’ म्हणणारे. न्यू जर्सीतल्या आमच्या मराठी मंडळात पहिल्या टोकाचे आईवडील जास्त भेटतात, आणि शाळेच्या मैदानाच्या कडेला दुसऱ्या टोकाचे.

माझी कसोटी एका प्रश्नाची आहे. फसलेला माणूस त्या फसण्यातून काय शिकतो?

माझा मुलगा नववीत आहे आणि शाळेच्या संघात लाइनबॅकर खेळतो. लाइनबॅकर बचावाच्या दुसऱ्या फळीत उभा असतो. समोरचा संघ चेंडू घेऊन पळणार असेल तर त्याने पुढे यायचं, पास टाकणार असेल तर मागे सरकायचं. हे ठरवायला त्याला अर्धा सेकंदही मिळत नाही. प्ले ॲक्शन नावाची चाल नेमकी या अर्ध्या सेकंदावर उभी आहे. क्वार्टरबॅक चेंडू पळणाऱ्याच्या पोटाशी नेतो, दिल्यासारखं करतो, पळणारा दोन्ही हातांनी पोट आवळून, वाकून रांगेत घुसतो, आणि चेंडू क्वार्टरबॅकच्या मांडीआड लपलेला असतो. लाइनबॅकर पुढे आला की त्याच्या पाठीमागे मोकळी जागा तयार होते. पास तिथे जातो.

गेल्या मोसमात एका सामन्यात मुलगा असाच फसला. दुसऱ्या दिवशी सकाळी पोह्यांची बशी बाजूला सरकवून तो फोनवर प्रशिक्षकांनी पाठवलेला व्हिडिओ बघत बसला होता. थांबवायचा, मागे न्यायचा, पुन्हा बघायचा. पडद्यावर त्याची दोन पावलं स्पष्ट दिसत होती. डावं, उजवं, आणि उजवं टेकायच्या आत समोरचा टाइट एंड त्याच्या खांद्यामागून निघून गेलेला. मला वाटलं बिचारा खट्टू झालाय. तेवढ्यात त्याने चित्र थांबवलं आणि समोरच्या आतल्या रांगेतल्या गार्डवर बोट ठेवलं. "बाबा, हेल्मेट बघ. वर आहे." खरोखरच पळायची चाल असते तेव्हा गार्ड डोकं खाली घालून ढकलायला पुढे येतो. इथे तो दोन पावलं पुढे आला खरा, पण त्याचं हेल्मेट उंच होतं, कारण त्याला पाससाठी भिंत धरायची होती. सगळ्या संघाने लाइनबॅकरला खोटं सांगितलं होतं, आणि एका माणसाची मान खरं बोलत होती. पुढच्या सामन्यात तशीच चाल आली तेव्हा मुलगा एकच पाऊल पुढे आला आणि मागे फिरला.

ही फसवणूक त्याला बारकाईने बघायला शिकवून गेली. म्हणून मी तिच्या बाजूने आहे, आणि ती शाळेत शिकवली जावी या मताचा आहे.

आमच्याकडे हे नवं नाही. मी सांगली जिल्ह्यात कबड्डी खेळत वाढलो. चढाईला गेलेला गडी उजव्या कोपऱ्याकडे हाताची हूल देतो आणि डावीकडच्याला पाय लावून येतो, तेव्हा ‘लबाडी केली’ असं कुणी म्हणत नाही. गावच्या गाव टाळ्या पिटतं. खो-खोत पळणारा हुलकावणी देऊ शकतो, पाठलाग करणाऱ्याला मात्र एकदा धरलेली दिशा सोडता येत नाही. कुणाला हूल द्यायची मुभा आणि कुणाला नाही, हे नियमानेच ठरवून दिलं आहे. शक्तीपेक्षा युक्ती श्रेष्ठ म्हणत वाढलेल्या माणसाला क्वार्टरबॅकच्या मांडीआडचा चेंडू परका वाटू नये.

आणि युक्ती कुणाच्या कामी येते तेही बघायला हवं. पेन्सिल्व्हेनियातली कार्लाइल इंडियन स्कूल १८७९ मध्ये सुरू झाली. मूळ अमेरिकी जमातींच्या मुलांना घरापासून तोडून, केस कापून, त्यांची भाषा बंद करून ‘गोरं’ बनवण्यासाठी काढलेली ती निवासी शाळा. त्या शाळेचा फुटबॉल संघ हार्वर्डसारख्या बलाढ्य कॉलेजांशी खेळे, अंगाने लहान आणि राखीव गड्यांच्या बाबतीत कायम तोकडा. ३१ ऑक्टोबर १९०३ला प्रशिक्षक पॉप वॉर्नरच्या या पोरांनी हार्वर्डविरुद्ध एक चाल केली. किकऑफचा चेंडू जिमी जॉन्सनने झेलला, सगळे त्याच्याभोवती गोळा झाले, आणि चेंडू चार्ल्स डिलनच्या जर्सीत पाठीमागून सरकवला गेला. चेंडू आत अडकून राहावा म्हणून जर्सीला इलॅस्टिक शिवून घेतलं होतं. मग सगळे पांगले, जणू प्रत्येकाच्या पोटाशी चेंडू आहे. डिलन दोन्ही हात मोकळे हलवत हार्वर्डच्या गड्यांच्या मधून पळत गेला. हार्वर्डने सामना १२-११ असा जिंकला, पण लोकांच्या लक्षात राहिला तो डिलन.

मला ती पोरं प्रिय आहेत. तरीही चेंडू कपड्यात लपवण्यावर पुढे बंदी आली ती योग्यच होती. खुद्द वॉर्नरलाही ती चाल पुरती रास्त वाटली नव्हती, असं त्याने नंतर लिहून ठेवलं. चेंडू कुठे आहे हे कळण्याचा काही तरी मार्ग समोरच्याला असला पाहिजे. मांडीआडचा चेंडू चांगल्या नजरेला सापडतो. शिवलेल्या जर्सीतला सापडत नाही, आणि मग प्रत्येक पाठ चाचपून बघण्यापलीकडे समोरचा काहीच शिकू शकत नाही.

त्या काळातला खेळ कसा होता हे माहीत असलं तर हुलीची किंमत आणखी कळते. माणसं एकमेकांना घट्ट धरून, घोळक्याने समोरच्यावर आदळत. १९०५च्या मोसमात किमान १८ खेळाडू मेले. अध्यक्ष थिओडोर रूझवेल्टनी कॉलेजांच्या प्रतिनिधींना व्हाइट हाउसमध्ये बोलावलं. पुढच्या वर्षी, १९०६ मध्ये, चेंडू पुढे फेकायला परवानगी मिळाली. मैदान पसरलं, घोळका सुटला. आणि फेकता येतं म्हटल्यावर ‘पळणार की फेकणार?’ हा प्रश्न जन्माला आला, जो आजही माझ्या मुलाला अर्ध्या सेकंदात सोडवावा लागतो. त्या नव्या पासचा पुरेपूर उपयोग करून घेणाऱ्या पहिल्या संघांमध्ये कार्लाइल होती. १९०७ मध्ये त्यांनी पेन्सिल्व्हेनिया विद्यापीठाला २६-६ असं हरवलं. जिथे फक्त अंगावर अंग आदळत होतं तिथे डोक्याला काम मिळालं. हूल नको म्हणणाऱ्यांनी हा इतिहास डोळ्यांसमोर ठेवावा. हूल काढून टाकली तर उरतो तो घोळका.

चांगली हूल किती निर्मळ असू शकते याचं माझं आवडतं उदाहरण ६ ऑक्टोबर २०१३चं आहे. डेन्व्हरचा क्वार्टरबॅक पेटन मॅनिंग तेव्हा ३७ वर्षांचा, मानेच्या शस्त्रक्रियांमुळे आधी एक पूर्ण मोसम गमावलेला, आणि पळण्यात तर आधीपासूनच यथातथा. डॅलसविरुद्ध गोलरेषा एका यार्डावर होती. त्याने नोशॉन मोरेनोला चेंडू दिल्यासारखं केलं, सगळा ढिगारा मधोमध कोसळला, आणि मॅनिंग चेंडू मांडीला लावून डावीकडून एकटाच निघाला. त्याने आपल्याच सोबत्यांना सांगितलं नव्हतं. त्यामुळे रांगेतला प्रत्येक जण खरोखरच पळण्याच्या चालीसाठी जीव तोडून ढकलत होता. कुणाचंही हेल्मेट वर नव्हतं. कुणाला धक्का लागला नाही, कुणी जखमी झालं नाही, फक्त अकरा माणसं चुकीच्या दिशेला बघत राहिली. तो सामना डेन्व्हरने ५१-४८ असा जिंकला.

पूर्वी प्रशिक्षक सांगत, आधी पळून पळून समोरच्याला पळण्याची धास्ती बसवा, तरच प्ले ॲक्शन चालेल. अलीकडच्या विश्लेषकांनी आकडे तपासले तेव्हा तसं दिसलं नाही. फारसं न पळणाऱ्या संघांचीही प्ले ॲक्शन चांगली चालते. मला याचं नवल वाटत नाही. लाइनबॅकर मोसमाची सरासरी वाचत नसतो, समोरच्या गार्डचे पाय वाचत असतो. त्याची शिस्तच त्याला पुढे आणते. मग कुणी म्हणेल, हे तर आणखी वाईट, प्रामाणिक माणसालाच फसवलं. पण त्यावर उतारा आहे आणि तो वारंवार सापडला आहे. २०१८ मध्ये शॉन मॅकव्हेच्या लॉस अँजेलिस रॅम्सनी प्ले ॲक्शन सगळ्यांहून जास्त वापरली. पासच्या सुमारे एक तृतीयांश चालींत ती असे, आणि मोसमात त्यांनी ५२७ गुण काढले. ३ फेब्रुवारी २०१९च्या सुपर बोलमध्ये, म्हणजे मोसमाच्या अंतिम सामन्यात, पॅट्रियट्सचा तेव्हाचा प्रशिक्षक बिल बेलिचिकने पहिल्या रांगेतच सहा माणसं उभी केली. पळणं अडवायला ती पुरेशी होती, त्यामुळे मागच्यांना हुलीमागे धावायची गरज उरली नाही. रॅम्सना त्या दिवशी ३ गुण मिळाले. जी फसवणूक समोरच्याला अशी अक्कल लढवायला भाग पाडते, तिने खेळाचं नुकसान होत नाही.

आता दुसरी बाजू.

४ डिसेंबर २०२१, शार्लट. पिट्सबर्ग विद्यापीठाचा क्वार्टरबॅक केनी पिकेट वेक फॉरेस्टविरुद्ध चेंडू घेऊन पळत होता. या खेळात पळणारा पाय पुढे करून घसरला की त्याने चाल सोडून दिली असं धरतात. चेंडू तिथेच मृत, आणि बचावपटूने त्याला धडकायचं नाही. धडकला तर १५ यार्डांचा दंड. हा नियम क्वार्टरबॅकची मान आणि मेंदू वाचवण्यासाठी आहे. पिकेट मैदानाच्या मध्यावर आला, घसरायला लागल्यासारखं केलं, त्याला घेरायला आलेल्यांनी नियम पाळून अंग आवरलं, आणि तो तसाच सरळ होऊन पळत सुटला. ५८ यार्डांचा टचडाउन. पिट्सबर्ग ४५-२१ असं जिंकलं. आठवड्याच्या आत एनसीएए या कॉलेज खेळांच्या संघटनेने सर्व पंचांना कळवलं की घसरण्याचं नाटक केलं तरी चेंडू तिथेच मृत धरा.

पिकेटला मी खलनायक मानत नाही. पळता पळता सुचलं, केलं. पण त्या चालीतून समोरचा पोरगा काय शिकतो ते पाहा. पुढच्या वेळी क्वार्टरबॅक घसरायला लागला की तो थांबणार नाही. एकदा दगा झालाय, आता आधी धडक, मग विचार. त्याला बारकाईने बघून उपयोग नाही, कारण खरं घसरणं आणि खोटं घसरणं पहिल्या क्षणी सारखंच दिसतं. बचावाचा एकच उपाय त्याच्या हाती राहतो, आणि तो म्हणजे खरोखर घसरणाऱ्या, पाठ जमिनीला टेकत असलेल्या माणसाच्या अंगावर जाणं. प्ले ॲक्शनने फसलेला गार्डची मान बघायला शिकतो. खोट्या घसरण्याने फसलेला दुसऱ्याची मान मोडायला शिकतो.

हीच कसोटी लावली की बाकीचे वाद सुटायला लागतात. कॅन्सस सिटीचा पॅट्रिक माहोम्स कडेच्या रेषेकडे बाहेर जाणार असं भासवत मंदावतो आणि बचावपटू दंडाच्या भीतीने अंग चोरतो तेव्हा आणखी काही यार्ड काढतो, ही तक्रार अनेकदा झाली आहे. माझ्या मते रेषेजवळ पळणारा उघड थबकला की पंचाने शिट्टी मारावी. ठरवायला अवघड आहे हे मान्य. पण घसरणं ओळखणंही अवघडच होतं आणि तरी नियम झाला. जखमी झाल्याचं नाटक तर याहून वाईट. समोरच्या संघाचा वेग मोडायला एखादा बचावपटू पाय धरून आडवा होतो, आणि प्रेक्षक हुर्यो उडवतात. पुढच्या आठवड्यात एखादा पोरगा खरोखर गुडघा फाटून पडतो, तेव्हाही हुर्योच उडते. २०२५च्या मोसमापासून कॉलेजच्या सामन्यांत, पुढच्या चालीसाठी चेंडू ठेवून झाल्यावर कुणी जखमी म्हणून पडला आणि त्याला तपासायला वैद्यकीय माणसं मैदानात आली, तर त्या संघाचा एक टाइमआउट जातो. खऱ्या जखमीवर यात कधी अन्याय होईल. तरीही मी या नियमाच्या बाजूने आहे.

व्हरीनचं प्रकरणही इथेच बसतं. एडलमनच्या चालीत रेव्हन्सची नजर चुकली. व्हरीनच्या चालीत पंचाची घोषणाच हत्यार म्हणून वापरली गेली, आणि घोषणा असते ती दोन्ही संघांना सारखी माहिती मिळावी म्हणून. बेलिचिकने नियम मोडला नाही. नियमालाच भोक होतं, ते लीगने बुजवलं.

एक उदाहरण मला अजून छळतं, ते फिलाडेल्फियाचं. ४ फेब्रुवारी २०१८च्या सुपर बोलमध्ये चौथ्या डाउनला, म्हणजे शेवटच्या प्रयत्नाला, गोलरेषेपासून एका यार्डावर, क्वार्टरबॅक निक फोल्स आपल्या रांगेतल्या गड्यांना काही सांगायला निघाल्यासारखा पुढे गेला. चेंडू थेट कोरी क्लेमेंटकडे आला, त्याच्याकडून ट्रे बर्टनकडे, आणि बर्टनने तो मोकळ्या उभ्या असलेल्या फोल्सकडेच फेकला. ‘खेळ अजून सुरू व्हायचाय’ असं भासवणं त्यात थोडं आहे. पण फोल्स जागेवर थांबला होता, सगळी रांग सज्ज होती, आणि चेंडू सुटणार हे बचावाला दिसत होतं. मी ती चाल हुलीच्या बाजूला ठेवतो, काठावर.

काठाच्या पार पलीकडचं मात्र आम्ही घरात अनुभवलं आहे. मुलगा दहा वर्षांचा असताना, गावातल्या लहान मुलांच्या लीगमध्ये, समोरच्या संघाचे प्रशिक्षक कडेवरून ओरडले की चेंडू चुकीचा आहे, बदलायला हवा. त्यांच्या क्वार्टरबॅकने चेंडू मागून घेतला आणि तो हातात धरून, बदलायला निघाल्यासारखा, चालत निघाला. आमची पोरं कमरेवर हात ठेवून उभी. तो मुलगा त्यांच्या मधून चालत बाहेर पडला आणि मग पळाला. कडेला उभे असलेले मोठे लोक हसत होते, फोन वर धरून चित्रण करत होते. देशातल्या बहुतेक राज्यांच्या शाळा ज्या नियमपुस्तकाने खेळतात त्यात ही चाल स्पष्ट निषिद्ध आहे. काही तरी अडचण आहे आणि चेंडू इतक्यात सुटणार नाही, असं बोलून किंवा वागून भासवणं तिथे खिलाडूपणाच्या बाहेरचं मानतात. आमच्या लीगने आपला असा नियम लिहिलेला नव्हता.

त्या दिवसानंतर पंच खेळ थांबवून काही सांगायला लागले की आमची मुलं चेंडूजवळून हलत नसत. एकदा सोबतीचा एक मुलगा पोट धरून खाली बसला होता आणि पंच हात हलवून सगळ्यांना मागे व्हा म्हणत होते. माझा मुलगा तसाच पवित्रा घेऊन उभा राहिला. नंतर गाडीत मी विचारलं तर म्हणाला, "मोठे लोक खोटं पण सांगतात ना."

लीगची पुढची बैठक ऑगस्टमध्ये आहे. बारा वर्षांखालच्या मुलांसाठी हा नियम लिहून घ्यावा असा अर्ज मी दिला आहे, आणि प्ले ॲक्शन लहान गटातही शिकवावी असंही त्यातच लिहिलं आहे. मला बोलायला पाच मिनिटं मिळणार आहेत. मुलाने सांगितलंय की गार्डच्या हेल्मेटचा तो व्हिडिओ बरोबर घेऊन जा.